खेळणाऱ्या पोरांनी वजन उचलावं का? गेटपाशी रोज विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापुरात खेळणाऱ्या पोरापोरींना ताकदीचा व्यायाम शिकवतो, बारा-तेरा वर्षांपासून अठरापर्यंतची पोरं, कोण फुटबॉलवालं, कोण कुस्तीतलं, कोण पोहणारं, दोन-तीन शूटिंगवाल्या, म्हणजे नेमबाजी करणाऱ्या मुली. रोज संध्याकाळी कुणाची तरी आई नाहीतर बाबा गाडी स्टँडला लावून गेटपाशी थांबतात आणि प्रश्न साधारण तेच असतात. काळजी खरी असते त्यामुळं उत्तर द्यायचा मला कधीच कंटाळा येत नाही, पण गडबडीत अर्धंच सांगून होतं, म्हणून एकदा सगळं बसून लिहितोय. लांबलंय, तुमच्या प्रश्नापुरतं वाचलं तरी चालेल.

सर, या वयात वजन उचललं की उंची खुंटते ना?

नाही खुंटत. ही भीती घराघरात आहे, माझ्या आईलाही होती, म्हणून जरा नीट सांगतो.

वाढीच्या वयात हाडांच्या टोकाजवळ कूर्चेचा एक भाग असतो, त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात, तिथूनच हाड लांब होत जातं. मुलींचा हा भाग साधारण चौदा-पंधराला आणि मुलांचा सोळा-सतराला भरून पक्का होतो, कुणाचा थोडा आधी, कुणाचा नंतर. लोकांना वाटतं वरून वजन आलं की हा भाग दबणार आणि पोरगं बुटकं राहणार. पण जाणकाराच्या नजरेखाली, नीट शिकून व्यायाम करणाऱ्या मुलांची वाढ थांबली असं संशोधनात कुठंही दिसलेलं नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही तिकडची बालरोगतज्ज्ञांची मोठी संघटना, त्यांनी २०२० च्या निवेदनात हेच म्हटलंय, आणि त्याआधी २०१४ ला वेगवेगळ्या देशांतल्या तज्ज्ञांनी मिळून ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये हेच लिहिलंय. ग्रोथ प्लेटला दुखापत झाल्याच्या ज्या केसेस आहेत त्यात बहुतेक ठिकाणी पोरगं एकटं होतं, झेपत नसलेलं वजन उचलत होतं, किंवा उचलायची पद्धतच चुकीची होती.

आता दुसरी बाजू बघा. पळताना प्रत्येक पावलाला पायावर अंगाच्या वजनाच्या दोन-तीन पट जोर येतो. म्हणजे ४५ किलोचं पोरगं मैदानात पळतंय तेव्हा त्याच्या एका पायावर शंभर किलोच्या आसपास दाब येतोय, तोही हजारो वेळा, आणि हेडरला उडी मारून एका पायावर उतरलं तर त्याहून जास्त. त्याला आपण कधी अडवत नाही. मग तेच पोरगं दहा किलो छातीशी धरून सावकाश खाली बसलं आणि उठलं तर घाबरायचं कशाला?

आणि ही भीती आली कुठून, तर डोक्यावर ओझी वाहणारी गरिबाची पोरं खुजी राहिलेली जुन्या माणसांनी डोळ्यांनी बघितलीत. पण त्या पोरांना पोटभर जेवण नव्हतं, पुरेशी झोप नव्हती. उंची ओझ्यानं नाही, उपाशी पोटानं खाल्ली.

मग फायदा नक्की काय? बॉडी बनवायची नाहीये आम्हाला, त्याला खेळायचंय.

बॉडीसाठी नाहीच आहे हे. मोठा फायदा म्हणजे पोरगं मैदानावर टिकतं.

माझंच सांगतो. मी पेठेतल्या एका टीमकडून फुटबॉल खेळायचो, नाव लिहीत नाही. सतराव्या वर्षी एका मॅचला बॉल घेऊन वळलो, पाय जमिनीत रुतल्यासारखा तिथंच राहिला आणि अंग फिरलं, गुडघ्यातून कट् असा आवाज आला तो अजून कानात आहे. एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत हाडांना बांधून ठेवणारा मुख्य पट्टा, तो तुटला. त्याआधी चार वर्षं मी रोज पळायचो, पण उडी मारून खाली कसं यायचं, वळताना गुडघा आत जाऊ द्यायचा नाही, मांडीच्या मागचा स्नायू पुढच्याइतकाच भक्कम पाहिजे, यातलं एक अक्षर मला कुणी सांगितलं नव्हतं. ताकद असती तर गुडघा नक्की वाचला असता असं मी म्हणणार नाही, पण मला ती संधीच मिळाली नाही याचं वाईट वाटतं आणि माझ्याकडच्या पोरांना ती मिळावी म्हणून हे सगळं चाललंय.

२०१४ ला एक मोठा आढावा आला होता, २५ अभ्यास आणि २६ हजारांवर माणसं त्यात होती, सगळ्या वयाची. त्यात स्ट्रेंथ ट्रेनिंग करणाऱ्यांच्या दुखापती एक तृतीयांशाच्याही खाली आल्या होत्या आणि नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांना दुखापतीपासून तसा काही फायदा दिसला नव्हता. आपल्याकडं मॅचआधी दहा मिनिटं ताणाताणी करून 'वॉर्मअप झाला' म्हणतात त्यांनी हे वाचावंच. फुटबॉलवाल्यांसाठी फिफाचा इलेव्हन प्लस नावाचा वीस मिनिटांचा वॉर्मअप आहे, पळणं, ताकद, उड्या, तोल सगळं त्यात येतं, सामान काही लागत नाही. नॉर्वेत तेरा ते सतरा वयाच्या मुलींवर त्याचा अभ्यास झाला तेव्हा दुखापती साधारण एक तृतीयांशानं कमी झाल्या होत्या.

याशिवाय हाडं. माणसाच्या हाडात जेवढा कस भरायचा असतो त्यातला मोठा वाटा उंची झपाट्यानं वाढते त्या दोन-तीन वर्षांतच भरला जातो. तो काळ गेला की तसा परत येत नाही.

आमचा मुलगा तालमीत जातो, जोर-बैठका मारतो. आमच्या आजोबांचं त्यावरच झालं. वेगळं काय पाहिजे?

हा मला सगळ्यात आवडणारा प्रश्न, कारण आपल्या गावाला हे बाहेरच्या कुणी शिकवायची गरजच नव्हती. शाहू महाराजांनी पेठापेठांत तालमींना आसरा दिला, १९१२ ला खासबागचं कुस्तीचं मैदान उभं राहिलं, खाशाबा जाधव इथल्या राजाराम कॉलेजात शिकत असताना घडले, १९४८ ला लंडनला सहावे आणि १९५२ ला हेलसिंकीला ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. हे सगळं लाल मातीतल्या मेहनतीवर उभं आहे.

आणि तालमीची जी मूळ रीत आहे ना, ती आजचं शास्त्र सांगतं तीच आहे. नवीन पोरगं पहिल्या दिवशी हौद्यात कुस्तीला उतरत नाही, आधी माती उकरतं, मोठ्यांचं बघतं, पंचवीस जोर मारतं, महिन्यानं पन्नास. शेजारी वस्ताद उभा असतो, पाठ पडली की तिथंच हटकतो. मुद्गल फिरवायचं तर आधी हलकं, मग जड. सावकाश वाढवायचं, नजरेखाली करायचं, आधी स्वतःचं अंग पेलायचं. फक्त आपण जिम म्हटलं की ही शिस्त विसरून जातो.

आता कमी काय पडतं ते. जोर म्हणजे ढकलणं झालं, बैठक म्हणजे मांडीचा पुढचा भाग झाला. ओढायचं काम, म्हणजे दोर चढणं, सिंगल बार मारणं, हे बऱ्याच ठिकाणी बंद पडलंय, दोर नुसता लटकत असतो. कमरेतून वाकून उचलणं, ज्यानं मांडीचा मागचा भाग आणि कंबर घट्ट होते, ते जोर-बैठकांत येतच नाही. एका पायावरचं कामही नाही. आणि बैठका दोनशेच्या पाचशे झाल्या की दम वाढतो, चिकाटी वाढते, पण ताकद एका हद्दीपुढं सरकत नाही, तिथं वजनच लागतं. त्यामुळं तालीम सोडू नका, आठवड्यातून दोन दिवस एवढंच त्याच्या जोडीला घाला, आणि वस्तादांना विचारून घाला. मी तर प्रत्येक कुस्तीच्या पोराला सांगतो, आधी वस्तादांच्या कानावर घालून ये, मग माझ्याकडं ये.

पोरगं शेतात राबतंय, वैरणीचे भारे उचलतंय, त्याला अजून व्यायाम कशाला?

ताकद असतेच अशा पोरांत, करवीर, पन्हाळा, राधानगरीकडून येणारी पोरं पहिल्याच दिवशी शहरातल्या पोरांना मागं टाकतात. पण भारा रोज त्याच बाजूनं डोक्यावर जातो, वजन रोज तेवढंच, आणि जमिनीवरून उचलताना बहुतेक पोरं पाठीची कमान करून उचलतात. वाकायची पद्धत शिकला तर शेतातही कंबर वाचेल. दुसरं म्हणजे ज्या दिवशी घरी ऊसतोड नाहीतर भांगलणीचं काम झालंय त्या दिवशी त्यानं ते कोचला सांगावं, तो व्यायामच धरायचा आणि त्या दिवशी वजन कमी करायचं. लाजून सांगत नाहीत पोरं. तुम्ही सांगा.

मुलगी आहे हो आमची. खांदे रुंद होतील, पुरुषासारखी दिसेल, लोक काय म्हणतील?

ताई, पुरुषासारखे स्नायू फुगायला जे टेस्टोस्टेरॉन लागतं ते मुलींच्या अंगात फार थोडं असतं. ताकद वाढेल, चाल बदलेल, पाठ ताठ राहील. दंड फुगून येणार नाहीत.

उलट मुलींना हे जास्त गरजेचं आहे असं माझं स्पष्ट मत आहे. वयात आल्यावर मुलांची ताकद आपोआपच बरीच वाढते, मुलींची उंची-वजन वाढतं पण ताकद त्या मानानं मागं राहते. फुटबॉल, बास्केटबॉल, कबड्डी, हँडबॉल अशा वळणाच्या आणि उड्यांच्या खेळात मुलींचं एसीएल जाण्याचं प्रमाण मुलांपेक्षा साधारण दोन-तीन पट आहे. याच्यावर जो इलाज माहीत आहे त्यात उतरायला शिकणं आणि मांडीची, नितंबाची ताकद हेच मुख्य आहे.

एक मुलगी आली होती चौदा वर्षांची, हँडबॉल खेळणारी. तिला एक फुटाच्या स्टूलवरून खाली उडी मारायला सांगितलं. जमिनीला पाय टेकले की दोन्ही गुडघे आतल्या बाजूला जाऊन एकमेकांवर आपटायचे, प्रत्येक वेळी. तिच्या आईला मी मोबाईलवर स्लो मोशनमध्ये ते दाखवलं, त्यांनी हातच तोंडावर ठेवला. मग स्टूल बाजूला ठेवलं, सहा आठवडे नुसतं भिंतीजवळ बसणं-उठणं, गुडघ्याच्या वर रबरी पट्टा बांधून आडवं चालणं, एका पायावर पायरी चढणं. नंतर परत उडी मारली तर आवाजच आला नाही, मांजर उतरल्यासारखी उतरली. आवाज न येणं हीच आमच्याकडची परीक्षा.

अजून एक, आईनंच लक्ष ठेवायची गोष्ट. खेळणाऱ्या मुलीची पाळी तीन महिने आली नाही तर 'खेळतेय म्हणून असेल' म्हणून सोडून देऊ नका. बऱ्याचदा खाणं खर्चाला पुरत नाही असा त्याचा अर्थ असतो आणि हाडं कमजोर होतात. डॉक्टरांना दाखवा, जोडीनं हिमोग्लोबिनही तपासून घ्या.

सुरुवात कोणत्या वयाला करायची?

सांगितलेलं ऐकून तसं करता आलं की झालं, सात-आठ वर्षांचं पोरगंही खेळाखेळात शिकू शकतं. बारा-तेराला सुरुवात केली तर फारच छान. सोळाचा असेल तरी उशीर झालेला नाही. वयात यायच्या आधी जी ताकद वाढते ती स्नायू फुगून नाही, मेंदू आणि नसा स्नायूंना नीट कामाला लावायला शिकतात म्हणून वाढते, त्यामुळं अंगावर काही दिसलं नाही म्हणून निराश होऊ नका.

हृदयाचा त्रास, चक्कर येऊन पडणं, फिट्स, बीपी यातलं काही असेल तर मात्र आधी डॉक्टर.

उंची अचानक वाढतीय आणि गुडघ्याखाली टेंगूळ येऊन दुखतंय. बंद करायचं का?

मुलींची उंची साधारण बाराव्या आणि मुलांची चौदाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात वेगानं वाढते. हाडं पुढं पळतात, स्नायू मागं राहतात, आणि मांडीचा स्नायू नडगीच्या हाडाला जिथं धरलेला असतो तिथं ओढ बसून दुखतं, त्याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. वाढ पूर्ण झाली की बहुतेकांचं थांबतं. पूर्ण बंद करायचं कारण नसतं, पण उड्या आणि पळणं कमी करायचं, दुखेल तो प्रकार सोडायचा, बाकीचं चालू. याच काळात चांगलं खेळणारं पोरगं अचानक अडखळायला लागतं, बॉल पायातून सुटतो, घरचे म्हणतात लक्ष नाही. लक्ष असतं हो, पायच बोटभर लांब झालेले असतात आणि मेंदूला अजून त्यांचा अंदाज नसतो. तेव्हा वजन कमी करून परत पहिल्यासारखं नीट करून घ्यायचं. दाराच्या चौकटीवर दर तीन महिन्यांनी पेन्सिलनं उंचीची खूण करून तारीख लिहा आणि कोचला सांगा, एवढी साधी गोष्ट कुणी करत नाही.

शूटिंग, पोहणं यात कुठं ताकद लागते?

२०२४ ला पॅरिसला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ब्राँझ मिळवलं ते ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये. गुडघ्यावर बसून, झोपून, उभं राहून, तीनही प्रकारांत काही किलोची रायफल धरून तास-दीड तास स्थिर राहायचं. उभं राहून मारताना कंबर मागं झुकलेली असते, पाठ नाहीतर पोट दमलं की पहिल्यांदा नळी हलते. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत यांच्यामुळं आपल्याकडं शूटिंगला पोरी खूप येतात पण घरचे म्हणतात हा बसून करायचा खेळ आहे. तसं नाहीये.

पोहणाऱ्यांचा खांदा एकाच दिशेनं हजारो वेळा फिरतो, त्यामुळं पाठीच्या वरच्या भागाची ताकद नसेल तर खांदा धरतो. वीरधवल खाडे २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकला पोहला तेव्हा सतरा वर्षांचाही झाला नव्हता, त्या वयात त्या वेगानं पोहायला अंगात काय लागत असेल याचा विचार करा.

किती वजन उचलायचं? मित्र रीलमध्ये शंभर किलो मारतो.

भावा, हे तुझ्यासाठी, आईबाबांसाठी नाही. पहिले काही आठवडे काठी. झाडूची दांडी पाठीवर उभी धरायची, डोकं, पाठ आणि माकडहाड तीन ठिकाणी ती टेकली पाहिजे, आणि तशीच टेकलेली ठेवून कमरेतून पुढं वाकायचं. वाकताना दांडी पाठीवरनं सुटली म्हणजे कंबर गोल झाली. बघ जमतंय का. बऱ्याच दणकट पोरांना पहिल्या दिवशी जमत नाही.

हे जमलं की मग हलकं वजन, आठ ते बारा वेळा करता येईल एवढं, एक-दोन सेट (न थांबता केलेल्या तेवढ्या वेळा म्हणजे एक सेट), आणि सेट संपताना अजून दोन-तीन वेळा सहज झालं असतं असं वाटलं पाहिजे. शेवटची दोन नीटनेटकी झाली तर पुढच्या वेळी थोडं वाढव, पाच ते दहा टक्के, म्हणजे वीसवर असशील तर एक-दोन किलो. आठवड्यात दोन किंवा तीन दिवस, मध्ये एक दिवस सुट्टी. जिममधला मोठा रॉड नुसताच २० किलोचा असतो, तोही सुरुवातीला जड आहे, दहा-पंधरा किलोचे रॉड मिळतात ते माग.

एकदाच जास्तीत जास्त किती उचलता येतं हे बघायचा नाद करू नको. मित्राच्या रीलमध्ये त्याची पाठ किती वाकलीय ते थांबवून बघ.

खुराक काय? पावडर घ्यायची का? जिममधला एक जण इंजेक्शन घे म्हणाला.

आधी इंजेक्शनचं. नाही म्हणजे नाही, आणि सांगणाऱ्याकडं पोराला परत पाठवू नका. स्टेरॉइडनं या वयात ग्रोथ प्लेट वेळेआधी बंद होऊ शकते, म्हणजे ज्या उंचीसाठी आपण वजनाला घाबरतो ती खरी इथं जाते. शिवाय लिव्हर, हृदय, मन सगळ्यावर परिणाम. मेफेंटरमाइन नावाचं इंजेक्शनही पोरं टोचून घेतात, ते ऑपरेशनच्या वेळी पेशंटचा रक्तदाब पडला तर द्यायचं औषध आहे, ताकदीशी त्याचा काही संबंध नाही. डोपिंगमध्ये सापडलं तर चार वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते, सोळाव्या वर्षी चार वर्षं म्हणजे खेळ संपलाच. हे लिहिताना माझा हात जड होतो, कारण अशी पोरं मी बघितलीत.

पावडर गरजेची नाही. हिशोब करू. ५० किलोच्या खेळाडू पोराला दिवसाला साधारण ७० ते ८० ग्रॅम प्रोटीन पुरतं. अर्धा लिटर दुधात सोळा-सतरा ग्रॅम, तीन अंड्यांत अठरा, मूठभर शेंगदाण्यांत सात, वाटीभर मटकीची उसळ सात-आठ, दिवसभराच्या भाकरी-चपातीत बारा-पंधरा, वाटीभर डाळ सहा-सात. झालं की सत्तर. अंडी खात नसाल तर सोयाबीन, पनीर, दही वाढवा. रविवारी मटण असेल तर छानच, नुसता तांबडा-पांढरा रस्सा ओरपून मात्र भागत नाही, फोडी पण खा. गंगावेशला दूध कट्ट्यावर समोर काढलेलं म्हशीचं दूध पिणारी आपली जुनी पैलवान माणसं काही पावडरचा डबा घेऊन फिरत नव्हती. दूध तापवून प्या एवढंच माझं सांगणं.

आणि झोप. आठ ते दहा तास या वयाला लागतात, मी हे खुराकातच धरतो. रात्री एकपर्यंत मोबाईल आणि पहाटे पाचला मैदान, यातून ताकद येत नाही, दुखणं येतं.

दहावीचं वर्ष आहे. वेळ कुठाय?

आठवड्यातून दोनदा पस्तीस-चाळीस मिनिटं. परीक्षेच्या महिन्यात एकदाच करा, कमावलेली ताकद आठवड्यातल्या एका चांगल्या दिवसावरही बरीच टिकून राहते. पूर्ण बंद केलेली पोरं एप्रिलमध्ये थेट मॅचला उतरतात आणि हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीचा मागचा स्नायू, धरून बसतात.

गावात जिम नाही, फी परवडत नाही.

लागत नाही. शाळेचं दप्तर पुस्तकं भरून छातीशी धरलं की स्क्वॉटचं, म्हणजे वजन घेऊन बसण्या-उठण्याचं वजन झालं. पाच लिटरचा कॅन भरून दोन हातात दोन घेऊन चालायचं. पोत्यात वाळू भरायची, पण तोंड घट्ट शिवायचं. झाडाची आडवी फांदी सिंगल बारला, आधी दोनदा लोंबकळून ती पेलते का बघायचं. आणि मित्राला घोटे दाबून धरायला सांगून, गुडघ्यावर उभं राहून, अंग सरळ ठेवून सावकाश पुढं झुकत जायचं, त्याला नॉर्डिक म्हणतात. हॅमस्ट्रिंगच्या दुखापती यानं निम्म्यावर आल्याचं संशोधन आहे आणि खर्च शून्य. सुरुवातीला चार-पाच वेळाच करा, दुसऱ्या दिवशी मांड्या फार धरतात.

कोच चांगला आहे हे कसं ओळखायचं?

एक तास गप्प बसून बघा. तो पोरांकडं बघतोय की मोबाईलकडं. चुकलं तर वजन कमी करतो की ओरडतो. सगळ्यांना एकच वजन देतो का. पोरगं काल मॅच खेळलंय का, कुठं दुखतंय का, हे विचारतो का. आठ-दहा पोरांमागं एक माणूस ठीक, तीस पोरांमागं एक असेल तर तो कितीही जाणकार असला तरी त्याचे डोळे पुरणार नाहीत. पहिल्याच दिवशी पावडरचं नाव काढलं तर उठून या.

अंग दुखलं तर?

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्नायू भरून येणं, जिना उतरताना कुरकुरणं, हे नेहमीचं, दोन-तीन दिवसांत जातं. सांध्यात टोचणारं दुखणं, सूज, लंगडणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, कंबरेचं दोन आठवडे न जाणारं दुखणं, यातलं काहीही असलं तर मालिश करणाऱ्याकडं नाही, हाडांच्या डॉक्टरकडं.

ठीक आहे, पटलं. कधी आणि कशापासून सुरू करायचं?

माझ्या मते आपल्याकडं पावसाळा सगळ्यात चांगला. जून ते ऑगस्ट मैदानं चिखलानं भरलेली असतात, पंचगंगेला पाणी चढलं की अर्ध्या प्रॅक्टिस तशाच बंद, आणि सीझन अजून लांब असतो. त्या दोन-अडीच महिन्यांत छपराखाली शिकून होतं, मॅचेस सुरू होईपर्यंत अंग तयार.

पहिले दोन आठवडे आम्ही काय करतो ते सांगतो. दांडी लावून कमरेतून वाकणं, मागं खुर्ची ठेवून तिला टेकेपर्यंत बसणं-उठणं, जोर हात उंचावर टेकवून, बारला नुसतं वीस सेकंद लोंबकळणं, एका पायावर डोळे उघडे ठेवून आणि मग मिटून उभं राहणं, आणि पायरीवरून उडी मारून आवाज न करता उतरणं. प्रत्येकी दोन सेट, अर्ध्या तासात संपतं. पहिल्या दिवशी भिंतीपाशी उभं करून बोटांना खडू लावतो आणि वर उडी मारून खूण करायला लावतो, खाली नाव आणि तारीख. ती खूण पुसायची नाही असं सगळ्यांना सांगून ठेवलंय. बारा आठवड्यांनी त्याच भिंतीपाशी परत उडी मारतात.

येताना सपाट तळाचे बूट, पाण्याची बाटली, आणि घरातनं निघायच्या तासभर आधी दोन केळी नाहीतर भाकरी-भाजी खाऊन या. उपाशी पोरगं मी परत पाठवतो.